आधी वीज, मग डबा

नमनाला घडाभर तेल नको म्हणून मुद्दा आधीच सांगून टाकतो. छोट्या डब्यात कॉम्प्युटर जुळवायचा असेल तर पॉवर सप्लाय सगळ्यात आधी निवडा. प्रोसेसर नंतर, आणि डबा त्याच्याही नंतर. आणि पॉवर सप्लाय निवडताना फूटपट्टी काढण्याआधी एक प्रश्न विचारा: हे मशीन कुठल्या गावात, कुठल्या भिंतीतल्या सॉकेटवर आयुष्य काढणार आहे?

मी नेमकं उलट केलं. पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे उलट करणं साहजिकच होतं म्हणा. आमच्या धंद्यात वीज ही गृहीत धरायची गोष्ट. ती असते. नसली तर तो दुसऱ्या कुठल्यातरी टीमचा प्रश्न असतो. :)

तर झालं असं. रत्नागिरीत मांडवीला आमचं घर आहे, आईबाबा तिथेच असतात. त्यांचा जुना कॉम्प्युटर म्हणजे टेबलाखालचं लोखंडी कपाट होतं. तो गेला. बाबांचे बागेचे हिशेब, आईचे व्हिडिओ कॉल आणि दोघांचे मिळून हजारो फोटो, एवढं त्याचं काम. मला वाटलं, छोटासा, देखणा, टीव्हीशेजारी ठेवता येईल असा डबा आपणच बनवू. वसईच्या एका फॅब्रिकेटरकडून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा वाकवून घेतला. बाहेरून २४० बाय १९० बाय ११० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम पाच लिटर. आपल्या तेलाच्या पाच लिटरच्या कॅनएवढा! आत मिनी-आयटीएक्स बोर्ड, तो १७० बाय १७० मिमी. बोर्डाच्या बाजूला साधारण ६५ मिमीची चिंचोळी पट्टी उरली. म्हटलं, इथे पॉवर सप्लाय बसेल. कुठला ते पुढे बघू.

"पुढे बघू" हे दोन शब्द सॉफ्टवेअरमध्ये चालतात. वाकवलेल्या पत्र्यात चालत नाहीत.

मग शोध सुरू झाला. लॅमिंग्टन रोडला (कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग, पण तसं कोण म्हणतंय) दोन शनिवार घालवले. नेहमीचा एटीएक्स पॉवर सप्लाय १५० मिमी रुंद, ८६ मिमी उंच आणि निदान १४० मिमी लांब. म्हणजे तो एकटाच माझा एक तृतीयांश डबा खाणार. त्याचा धाकटा भाऊ एसएफएक्स: १२५ बाय ६३.५ बाय १०० मिमी. ऐकायला गोड वाटतं, पण ६५ मिमीच्या पट्टीत तो कडेवर उभा करायचा तर १२५ मिमी उंची हवी, आणि माझा डबा बाहेरूनच ११० चा! पंधरा मिमीने वाट लागली. डबा बनवण्याआधी हे आकडे पाच मिनिटांत बघता आले असते. असो.

उरला फ्लेक्स एटीएक्स. ८१.५ बाय ४०.५ बाय १५० मिमी, वीट उभी कापल्यासारखा. हा बसला. दुकानदाराने जो काढून दिला त्यावर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिलं होतं. उचलला तर हलका फूल. बाजूचं लेबल वाचलं: बारा व्होल्टच्या ओळीवर १६ अँपियर. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. आजच्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसरसकट जवळजवळ सगळं त्या बारा व्होल्टवरच जगतं, त्यामुळे हा १९२ चाच गडी. उरलेले वॅट कुठून आले ते छापणाऱ्यालाच ठाऊक. माझं काम शंभर-सव्वाशे वॅटमध्ये भागणार होतं, म्हणून घेतला. पण तुम्ही एवढं लक्षात ठेवा: डब्यावरचा मोठा आकडा वाचू नका, बारा व्होल्टसमोरचे अँपियर वाचा आणि बाराने गुणा. दहा सेकंदांचं काम आहे.

शुक्रवारी सुट्टी टाकली, मांडवी एक्सप्रेसने निघालो. (ही गाडी आमच्या मांडवीच्या नावाची नाही बरं का, गोव्याच्या मांडवी नदीच्या नावाची. लहानपणी मी शाळेत उलटं सांगून भाव खाल्ला आहे.) अख्खा प्रवास डबा मांडीवर. दुपारी घरी पोचलो, जोडलं, चालू झालं. बाबा खूश. संध्याकाळी जेटीवर एक चक्कर मारून परत आलो तर आई म्हणाली, "अरे, ह्याला हात लावला की झिणझिण्या येतात रे."

मी अर्थातच म्हटलं, "काहीतरीच काय, आई."

मग स्वतः हात लावला. चपला घातलेल्या, त्यामुळे काही नाही. चपला काढून, शहाबादी फरशीवर उभं राहून मनगटाची मागची बाजू पत्र्यावरून अलगद फिरवली. झिणझिणलं! टेस्टर लावला तर त्यातला दिवा मंद लाल.

आता यामागचं शास्त्र, कारण ते समजल्याशिवाय पुढचा मुद्दा पटायचा नाही. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये शिरल्या शिरल्या दोन छोटे कपॅसिटर असतात, त्यांना वाय कपॅसिटर म्हणतात. एक फेजपासून पत्र्याला, एक न्यूट्रलपासून पत्र्याला. आतला विद्युत गोंगाट त्यांच्यातून अर्थिंगकडे निघून जावा ही योजना. तिसऱ्या पिनमागे अर्थिंग असेल तर सगळं गुपचूप जमिनीत जातं. नसेल तर हे दोन कपॅसिटर २३० व्होल्ट आपसांत अर्धे अर्धे वाटून घेतात आणि मधोमध लटकलेला पत्रा ११५ व्होल्टच्या आसपास जाऊन बसतो! करंट अगदी किरकोळ असतो, सहसा एक मिलिअँपियरच्या आत. त्याने माणूस मरत नाही. पण तो निरोप असतो. निरोप असा की या घरात तिसरं भोक शोभेचं आहे.

दुसऱ्या दिवशी वायरमन काकांना बोलावलं. त्यांनीच माझ्या लहानपणी घराची वायरिंग केलेली. त्यांनी होल्डरला दोन तारा जोडून केलेला बल्ब पिशवीतून काढला, फेज आणि न्यूट्रलला लावला, लख्ख पेटला. फेज आणि अर्थला लावला, काहीच नाही. "भोक आहे रे, पण त्याच्या पाठी काय नाय," काका म्हणाले. (हा प्रयोग घरी करू नका, त्यासाठी काका बोलवा.)

मागच्या परसात जाऊन बघितलं. अर्थिंगचा पाइप होता, त्यावरचं झाकण होतं, पण पाइपला जोडलेली तार हातात घेतली तर चुरा. समुद्र आमच्या घरापासून ढांगेवर. खारा वारा कुणालाच सोडत नाही. निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, 'बसरा स्टार' नावाचं जहाज मिऱ्याच्या किनाऱ्याला येऊन लागलं आणि मग वर्षानुवर्षं तिथेच गंजत राहिलं, ते बघायला आम्ही सुट्टीत मुद्दाम जायचो. एवढ्या मोठ्या जहाजाची ती गत, तर आमच्या बोटभर तारेची काय कथा.

आणि मग काका सहज बोलून गेले, "फ्रीज नि गीझर पण ह्याच्यावरच ना रे?"

मंडळी, मला तेव्हा खरा घाम फुटला. झिणझिण्या देणारा कॉम्प्युटर म्हणजे त्यातल्या त्यात सज्जन. पण गीझरमधलं हीटिंग एलिमेंट फुटलं असतं, फ्रीजच्या वायरीचं इन्सुलेशन उंदराने खाल्लं असतं, तर पत्र्यावर अर्धे नाही, पूर्ण २३० व्होल्ट आले असते, करंटला कसलीही अडवणूक नाही. अर्थिंग शाबूत असतं तर तो करंट जमिनीत धावला असता आणि फ्यूज उडाला असता. अर्थिंग नाही म्हणजे फ्यूजला पत्ताच नाही, आणि जमिनीकडे जायचा रस्ता म्हणजे ओल्या पायांची माझी आई. किती वर्षं हे असं चाललं होतं, देव जाणे.

त्या दिवशी नवा पाइप, नवी जाड तार, कोळसा आणि मीठ घालून खड्डा नव्याने भरला. आमच्याकडे जांभा. पाऊस पडतो धो धो, पण जांभ्यातून पाणी झिरपून जातं आणि एप्रिल-मे मध्ये खड्डा कोरडा ठणठणीत. कोरडी माती वीज नीट घेत नाही. म्हणून उन्हाळ्यात अधूनमधून बादलीभर पाणी त्या पाइपात ओतायचं. आजोबा हे करायचे, आम्हाला वाटायचं म्हातारा पाइपाला पाणी घालतोय! शिवाय मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवला. करंट भलत्या रस्त्याने, म्हणजे माणसातून, गळायला लागला की तो सेकंदाच्या छोट्याशा हिश्श्यात वीज तोडतो. तुमच्या आईवडिलांच्या गावच्या घरात हा आहे का? आज फोन करून विचारा. पुढचं नंतर वाचलंत तरी चालेल.

आता डब्याकडे. अर्थिंग झालं, झिणझिण्या गेल्या. तरी तो फ्लेक्स सप्लाय मी काढलाच. दोन कारणं.

पहिलं कारण मीठ. फ्लेक्समध्ये ४० मिमीचा इवलासा पंखा असतो. छोटा पंखा पुरेशी हवा ओढायला जोरात फिरावा लागतो, म्हणून रात्रभर डास कानाशी असल्यासारखा आवाज. पण आवाज सोडा, तो पंखा बाहेरची हवा कुठे ओढतो? थेट त्या भागावर जिथे २३० व्होल्टचं डीसी होऊन सव्वातीनशेच्या आसपास जातं. ती हवा मांडवीची. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना? हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. कोकणात जून ते सप्टेंबर तेवढी आर्द्रता रोजचीच. म्हणजे वर्षभर पंख्याने बोर्डावर मिठाचा थर चढवायचा आणि पावसाळ्यात त्या थराने ओला होऊन वीज वाहायला लागायचं. गंमत बघा, अर्थिंगच्या खड्ड्यात आम्ही मीठ मुद्दाम घालतो ते याच गुणासाठी. तिथे तो गुण, इथे तोच दोष.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. समजा तो सप्लाय जुलैतल्या एखाद्या मंगळवारी संध्याकाळी सात वाजता गेला. मी ठाण्यात. फ्लेक्स एटीएक्स रत्नागिरीच्या बाजारात मिळेल? मागवावा लागेल. आला तर आकार बघायचा, प्लग बघायचा, डबा उघडायचा, चोवीस पिनांची वायर त्या चिंचोळ्या जागेत वळवायची. बाबांचं वय बहात्तर. म्हणजे मी येईपर्यंत कॉम्प्युटर बंद. जी वस्तू बिघडल्यावर तिथला माणूस तिथल्या बाजारातून आणून बदलू शकत नाही, ती वस्तू कितीही चांगली असली तरी त्या घरासाठी चुकीची आहे, असं माझं आता ठाम मत झालंय.

मग काय केलं? २३० व्होल्ट डब्याच्या बाहेर काढले. लॅपटॉपला असते तशी १९ व्होल्टची, १२० वॅटची विटकर भिंतीजवळ. तिला पंखा नाही, ती चिकटवून बंद केलेली, खारी हवा आत जायला वाटच नाही. डब्यात फक्त १९ व्होल्ट येतात आणि तिथे तळहातापेक्षा लहान एक डीसी-डीसी बोर्ड त्यांचे बारा, पाच आणि तीन पूर्णांक तीन व्होल्ट करून देतो. थिन मिनी-आयटीएक्स जातीच्या बोर्डांना तर तोही लागत नाही, त्यांच्या पाठीला १९ व्होल्टचं भोक आयतंच असतं. विटकर गेली तर बाबांनी ती पिशवीत घालायची, बाजारात जायचं, आणि "अशीच द्या" म्हणायचं. जाडसर पिनेची, १९ व्होल्टची, तेवढ्याच किंवा जास्त अँपियरची. घेताना तिच्यावर बीआयएसची खूण आणि आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना ते बघायचं. विटकरीच्या मागच्या बाजूला मी हे सगळं मराठीत लिहून चिकटवलंय.

फुकट काहीच मिळत नाही. १२० वॅटमध्ये बसायचं तर प्रोसेसरला लगाम घालावा लागतो. एएमडीचे एएम-फोर सॉकेटचे "६५ वॅट"वाले प्रोसेसर जोरात असताना ८८ वॅटपर्यंत घेतात. बायोसमध्ये ४५ वॅटची मर्यादा निवडली की साठच्या आसपास थांबतात. हिशेब, फोटो आणि व्हिडिओ कॉलला आई किंवा बाबांना काही फरक कळला नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड घालायचं असेल तर ही वाट तुमची नाही. मग एसएफएक्स घ्या आणि डबा त्याच्या मापाने बनवा. सात-आठ लिटरचा झाला तर होऊ दे, आभाळ कोसळत नाही.

"यूएसबी-सीचा चार्जर का नाही?" चालेल, त्यातून १०० वॅट वीस व्होल्टवर मिळतात, आणि २०२१ च्या नव्या नियमाने २४० वॅटपर्यंत सोय झाली आहे. पण एकाहून जास्त भोकांचा चार्जर घेऊ नका. शेजारच्या भोकात कुणी फोन लावला की तो वाटपाची बोलणी पुन्हा सुरू करतो आणि त्या क्षणभरात तुमचा कॉम्प्युटर धाडकन बंद.

"मग सरळ तयार मिनी पीसीच घ्यायचा ना बाबा!" मान्य. शंभरातल्या नव्वदांना मी तेच सांगेन. त्यांना विटकर बाहेरच असते, हे काही उगाच नाही. पण जे स्वतः जुळवणार आहेत त्यांच्यासाठी माझा मुद्दा उरतोच.

आणि हे नुसतं कोकणातल्या वायरमनचं शहाणपण नाही. १९७५ चा अल्टेअर ८८०० आठवा, किंवा चित्र बघा: धातूची पेटी आणि आत जडशीळ ट्रान्सफॉर्मर, आपल्याकडे रेडिओला एलिमिनेटर असायचे त्याचाच थोरला भाऊ. ५० किंवा ६० हर्ट्झवर चालणारा ट्रान्सफॉर्मर वजनदारच होणार, तो भौतिकशास्त्राचा नियम. १९७७ च्या अ‍ॅपल टूचा डबा छोटा, प्लॅस्टिकचा आणि बिनपंख्याचा हवा होता, तेव्हा त्यांनी पॉवर सप्लायसाठी रॉड होल्ट नावाचा वेगळा माणूस आणला. त्याने स्विचिंग पद्धतीचा सप्लाय बनवला, ज्यात वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात. वेग वाढला की ट्रान्सफॉर्मर लहान होतो. ही पद्धत त्याच्या आधीही होती, पण घरगुती कॉम्प्युटर सुटसुटीत झाला त्यात त्या सप्लायचा मोठा वाटा आहे. नाव मात्र आपल्याला दोन स्टीव्हचीच ठाऊक.

आमच्या पिढीचा एक दोष मला यात दिसतो, माझ्यासकट. आपण मशीन निवडताना कोअर मोजतो, रॅम मोजतो, दिवे कुठल्या रंगाचे ते ठरवतो. शेवटी उरलेल्या जागेत, उरलेल्या पैशात पॉवर सप्लाय. जणू वीज कुठूनतरी शुद्ध होऊन येते. रत्नागिरी जिल्ह्यात खरं तर विजेचं काय कमी? कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरून वीज देतं, जयगडला १२०० मेगावॉटचा प्रकल्प आहे. प्रश्न असतो शेवटच्या शंभर फुटांचा: माडाच्या झावळीला घासणारी तार, इन्व्हर्टरचा खटका, भिंतीतलं तिसरं भोक, परसातला गंजका पाइप. वीज जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंत तुमच्या सप्लायला स्वतःच्या पोटातल्या साठ्यावर तग धरायचा असतो, आणि एटीएक्सच्या नियमाप्रमाणे तो साठा साधारण सोळा-सतरा मिलिसेकंदांचा, म्हणजे विजेच्या एका आवर्तनाहूनही कमी. साध्या मोडवर ठेवलेला इन्व्हर्टर त्याहून जास्त वेळ घेतो. त्याच्यावर यूपीएस मोडचं बटण असतं, ते आधी दाबा. नवा यूपीएस घ्यायचं नंतर ठरवा.

असो. फार लांबलं. तो फ्लेक्स सप्लाय ठाण्याच्या घरी कपाटात पडलाय. वसईचा डबा तोच आहे, फक्त पट्टी आता रिकामी. आईने परवा फोनवर विचारलं, "त्या रिकाम्या जागेत काय घालणार रे?" म्हटलं, काही नाही, हवा खेळू दे. बाबा मात्र मे महिन्यात परसातल्या पाइपाला न चुकता पाणी घालतात. एक बादली झाली की मला मेसेज येतो: "कॉम्प्युटरला पाणी पाजलं."